गाठ

रेसिफेहून आलेला तरुण चष्मा पुसत म्हणाला,
"पक्ष्याला डोळा नाही, दोना झुल्मिरा.
म्हणजे हा दुष्काळाचा आंधळेपणा, हो ना?"
वहीत त्याने ते आधीच लिहून ठेवलं होतं.
मी त्याला कॉफी दिली. साखर जरा जास्तच.

डोळा होता.
उंबुरानाच्या फळीवर पेन्सिलीने काढलेला,
घारीचा असतो तसा, रागीट.
पटाशी तिथवर पोचली आणि लाकडातली गाठ सुटून
टेबलाखाली कुठेतरी घरंगळत गेली.
गुरुवार होता. शनिवारी बाजार.
दुसरी फळी नव्हती, उधारी मागायला तोंड नव्हतं.
भोकाभोवती चार पिसं वाढवली
आणि शाई फिरवली.

मासळीवाल्या अदाउतोने तेच चित्र पाहिलं
आणि पोट धरून हसला, "ही तर माझी मेहुणी!
अश्शीच मान वाकडी करून दारात उभी असते."
दोन प्रती घेतल्या, एक तिला नेऊन दिली.
पुढच्या नाताळापर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.
एवढं मनापासून माझं चित्र
दुसऱ्या कुणी वाचलेलं मला आठवत नाही.

जन्मभर उलटं कोरलं.
मी सूर्य मावळतीला ठेवते, कागदावर तो उगवतीला निघतो.
डावखुरा सुतार उजव्या हाताने करवत धरतो.
एकदा घाईत एका नवरीचं नाव सरळच कोरलं,
पत्रिकेवर ती उलटी उमटली.
पुढे लग्न मोडलं तेव्हा लोक म्हणाले,
झुल्मिराला आधीच दिसलं होतं.

मला कुठलं दिसायला?
मला लाकूड दिसतं. त्याची रेघ कुठून कुठे जाते,
कुठे ते हो म्हणतं, कुठे दातओठ खातं.
ठेवायचं त्याला मी हात लावत नाही,
काढते ते संध्याकाळी झाडून टाकते.
तुम्ही ज्याला उजेड म्हणता
ती माझ्या केराची जागा.

परवा भिंतीला चुना द्यायचा म्हणून टेबल सरकवलं.
कोळिष्टकात ती पडलेली,
पावट्याएवढी, काळपट, एका कडेला चकाकणारी.
अकरा वर्षांनी आमची गाठ पडली.
जुनी फळी काढून भोकात बसवून पाहिली.
बसेना.
फळी आकसली, की ही फुगली, की माझाच हात,
कोण जाणे.

सध्या खिडकीत ठेवली आहे.
ऊन सरकतं तशी माझ्याकडे बघते,
असं म्हटलं तर तो तरुण लगेच वही काढेल.
काढू दे.

आज शेळी कोरायला घेतली.
फळीवाल्याने माझ्यासाठी मुद्दाम
एकही गाठ नसलेली, गुळगुळीत फळी बाजूला ठेवली होती.
ती मी परत केली.