उघाडी

घणसोली. साडेबारा टक्क्यांतल्या इमारतीची गच्ची.
दुर्बीण पाण्याच्या टाकीआड, कारण
रबाळ्याकडचं आकाश रात्रभर नारिंगी असतं.

अठरा फेब्रुवारी, पहाटे चार: प्रत तेरा पूर्णांक दोन.
एकोणीस: तेरा एक.
तेवीस: पंधरा.

पंधरा?
भिंग पुसलं. तुलनेचे शेजारी तारे पुन्हा मोजले.
ते जागच्या जागी.
हाच गेलेला.

तसे ते दोघे आहेत.
एक पृथ्वीएवढाच, पण सूर्याचं वजन ठासून भरलेला श्वेत बटू.
दुसरा लाल, ढिला, त्याच्या अंगचा वायू पहिल्याकडे ओघळतो.
तीन तासांत एक फेरी; एवढ्यात एसटी नाशिकलाही पोचत नाही.
इतर जोड्यांत ओघळ आधी गरगरतो, त्याची तबकडी होते,
साठतं, मग सांडतं.
इथे पांढऱ्याचं चुंबकत्व असं की
धार वाटेतच धरली जाते
आणि थेट ध्रुवावर आपटते.
आपण बघतो ते त्या आपटण्याचं ऊन.
शिल्लक काही नाही. आवक थांबली की दिवा गेला.

दामाकाका खारीची उघाडी सांभाळायचा.
भरतीला फळी आपसूक मिटायची,
ओहोटीला शेतातलं पाणी खाडीत.
एका सकाळी ओहोटी असून धार नाही.
कोणी बंद केली, मी विचारलं.
"कोनी नाय," म्हणाला, आणि छातीएवढ्या चिखलात उतरून
कांदळाचं एक मूळ ओढून काढलं.

लाल ताऱ्यावरचा काळा डाग
नेमका तोंडाशी सरकत असेल, असं म्हणतात.
म्हणतात. तिथे उतरून कोणी पाहिलेलं नाही.

जतहून विनया बिराजदारचा मेसेज:
तुमच्याकडेही पंधराच का?
आणि खाली: वाईट वाटून घेऊ नका,
उजेड असतो तेव्हा आपण फक्त धार बघतो.
तारा आत्ता दिसतोय.

मी पुन्हा पाहिलं.
एक फिकट ठिपका, टाचणीने टोचल्यासारखा.
बरं. हा तू.

चार मार्च: धुरकं.
पाच: पंधरा एक.
नऊ मार्च: सोसायटीचा पंप लावायला खाली उतरलो,
फूटव्हॉल्व्ह हवा धरत होता, अकरा मिनिटं गेली.
वर आलो तर चौदा तीन,
आणि चढत.

त्या अकरा मिनिटांपुढे वहीत रेघ मारली आहे.