पंखा बंद कर, फिरोज

पंखा बंद कर, फिरोज.
मे महिना आहे, ठाऊक आहे मला,
मकरपुऱ्याचा पत्रा दुपारी दोनला तवा होतो,
पण एक झुळूक आली तर आर्गॉन हलेल,
आणि तापलेला टायटॅनियम
आपल्यासारखाच हवा ओढून घेईल.
त्याला श्वास घेऊ द्यायचा नसतो.
घेतला की ठिसूळ.

वडील याच धातूच्या नळ्या जोडायचे
खतांच्या कारखान्यांसाठी,
एकेका पिंपाच्या पोटात आठशे,
एकीवरही कुणाचं नाव नाही.
मी वर्षाला अकरा सायकली करते.

आंग्रे आले ते दारात वाकूनच.
सहा फूट चार इंच,
मांडवीच्या टपाल कार्यालयात चौतीस वर्षं,
सगळी दुसऱ्याच्या मापाच्या सायकलीवर,
गुडघे बाहेर फेकून, नाकतोड्यासारखे.
"पोरं हसायची. मीही हसायचो.
आता फंडाचे पैसे आलेत, बाई."

भिंतीला पाठ लावून उभे केले.
पायांत धरायला हिशेबाची जाड वही दिली,
वर ढकला म्हटलं, लाजू नका.
पाय पंच्याण्णव सेंटिमीटर.
हात, धड, खांदे.
डावा खांदा बोटभर खाली. थैलीचा.
तेही लिहून घेतलं.

नळीचं तोंड माशाच्या तोंडासारखं कापायचं,
दुसरीवर टेकवून खिडकीकडे धरायचं.
फटीतून उजेड आला तर पुन्हा कानस.
मग अ‍ॅसिटोन, मग पांढरे हातमोजे,
बोटाचा घामसुद्धा पुरतो नासवायला.
फिरोज म्हणतो, बेन, एवढं सोवळं
माझ्या शेजारचे जोशीकाकाही पाळत नाहीत.

सांधा थंड झाला की रंग वाचायचा.
चांदीसारखा, तर जिंकलो.
गव्हाळ, तर चालेल.
आंग्र्यांचा खालचा सांधा जांभळा आला.
तिथे नुसता चिखल बसतो,
कुणी वाकून बघितलं नसतं.
रात्री घरी जाऊन जेवले,
परत आले, कुलूप उघडलं,
कापला.
नवी नळी यायला आठ आठवडे.

त्या आठ आठवड्यांत
त्यांचा फोन लागेनासा झाला.

सांगाडा खुंटीला टांगून राहिला,
ना रंग, ना नाव, गंज तर चढतच नाही.
खंडेनवमीला फिरोजनं त्यालाही झेंडू बांधला.
मी एकदा बसून पाहिलं,
पाय अधांतरी लोंबले,
काकांच्या खुर्चीत बसलेल्या पोरीसारखे.

कार्तिकात आले. काठी होती.
उजवी बाजू गेली होती, म्हणाले,
परत आली, पण सगळी नाही आली.
सवयीनं पुन्हा भिंतीला उभे केले.
उंची सव्वा इंच कमी.
मी वहीत पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.
"पुढची नळी बदलून देते," म्हटलं, "थोडं वाकावं लागणार नाही."
"नको," म्हणाले.
"जन्मात पहिल्यांदा मी सायकलीला लहान पडतोय.
पडू दे."

काठी त्यांनी मागच्या कॅरियरला अडकवली.
(कॅरियर लावायला मी नाखूश होते,
पण टपालवाल्याला कोण सांगणार.)
बसले नाहीत.
हात सीटवर ठेवून
कुणाला शाळेत सोडायला निघावं तसे
ते तिला घेऊन चालत गेले,
मागच्या चाकाची टिकटिक
पलीकडच्या प्रेसच्या धडधडीत बुडेपर्यंत ऐकू आली.
फिरोजनं विचारलं, चालवतील?
मी टंगस्टनला टोक काढत बसले.

माघात परत आले.
काम काही नाही, म्हणाले, सहज.
मग खिशातून कागदाची पुडी काढली.
ब्रेकचे रबर.
दोन्ही,
पार पत्र्यापर्यंत झिजलेले.

फिरोज, स्टूल पूस.
आणि पंखा लाव.