अकरा नंबरची काच

पारडी नाक्याच्या अलीकडे, वजनकाट्याच्या मागं
नेवारे मिस्त्रीचं टिनाचं शेड.
मार्च सरला का कूलरच्या स्टँडची रांग लागते.
यंदा त्या रांगेत मीही जाऊन उभी राह्यली,
हातात आयटीआयचं पत्र, अंगात पिवळा टेरीकॉटचा ड्रेस.

मिस्त्रीनं पत्र वाचलंच नाही.
ओढणीचं टोक चिमटीत धरून पाह्यलं फक्त.
"हे कापड जळत नाही पोरी, वितळते.
वितळलं का कातडीले धरून बसते.
उद्या सुती घालून ये. खिसे नको."

आईनं रात्री बाबांच्या खाकी सदऱ्याचे खिसे शिवले,
पँटची दुमड उसवून सरळ केली.
ठिणगीला बसायला ओटा नको, म्हणाली,
जशी काही ठिणगी म्हणजे
दुपारी टेकायला येणारी शेजारीण.

हातमोजे मिळाले ते कोण्या पहेलवानाच्या मापाचे.
माझी बोटं संपतात
अन् चामडं पुढं अर्धा इंच चालत राहते.
त्या रिकाम्या अर्ध्या इंचानं
होल्डर धरायचा, रॉड बसवायचा,
अर्थिंगचा चिमटा घट्ट आहे का ते चाचपायचं.
मे महिन्यात दोन जोड लागतात:
एक हातात, एक पत्र्यावर वाळत.
घामानं ओल्या हातमोज्यातून करंट
न विचारता आत येतो.

काच खाली केली का दुपार विझते.
शेड नाही, मिस्त्री नाही, पंचेचाळीस डिग्री नाही.
आगपेटीवर काडी ओढावी तसा रॉड ओढायचा,
अन् मग त्या काळ्यात हिरवा थेंब जागा होतो,
थरथरत, स्वतःच्या मागं
वाटीवाटीची रेघ सोडत.
माझी रेघ पहिले दोन आठवडे
कोंबडीनं चालावी तशी चालली.

एकदा टाकाच तर मारायचा, म्हणून काच न घेता मारला.
रात्री दोन वाजता डोळ्यांत कन्हान नदीची रेती.
आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, मी रडली,
रडल्यानं रेती अजून रुतली.
सकाळी मिस्त्री म्हणाला,
"बटाटा भाजीत टाक. डोळ्यावर काच टाक."

जेवणाच्या सुट्टीत मी तीच काच
सूर्यासमोर धरली.
हातावर फटका बसला.
"अकरा नंबर आर्कसाठी असते बे!
सूर्याले चौदा लागते."
मग डबा बाजूला सरकवून
त्यानं आपला डावा डोळा दाखवला,
जो मी रोज पाहत होती अन् पाह्यला नव्हता.
दुधाळ. शिजलेल्या मासोळीचा असतो तसा.

मला वाटलं, आर्कनं गेला असेल.
"आर्कनं कायले?
वेल्ड झाला होता. चांगला झाला होता.
काम झालं म्हणून मुखवटा वर केला,
खपली काढाले हातोडी मारली.
एवढीशी होती. तांदळाएवढी. लालभडक."
त्यानं पोळीचा तुकडा मोडला.
"लोक आगीले भेतात. खपलीले कोणी भेत नाही."

पहिला स्टायपेंड घेऊन मी लोहाओळीत गेली.
लहान मापाचे हातमोजे मागितले.
दुकानदार हसला, लेडीज साइज येतच नाही म्हणाला,
अन् घासाघीस न करता
पांढऱ्या काचेचा चष्मा चाळीस रुपयाला दिला. मी दोन घेतले.

एक मिस्त्रीच्या खिळ्याला अडकवला.
तीन दिवस तो तिथंच लोंबकळला, धूळ खात.
चौथ्या दिवशी त्यानं तो सदऱ्याला पुसला,
उजेडात धरला, नाकावर चढवला.
"दोन काचा कायले आणल्या?
मले एकच लागते. अर्धे पैसे वापस माग."

अन् हातोडी उचलली.
टक्, टक्, टक्. खपली उडाली,
काचेवर बारीक वाजली, उजवीकडच्या.
मी स्टँड उलटा धरून उभी होती.
माझ्या बोटांपुढचा अर्धा इंच
आता पार काळा झाला आहे.