टिंब

मुहर्रकच्या जुन्या अध्यापक विद्यालयात
मी टेप घेऊन आले आहे. शिडी इथलीच, एक पायरी गेलेली.
डागडुजीआधी प्रत्येक भिंतीचं माप हवंय कचेरीला.

पहिली खोली खजुराचं कोठार होती.
जमिनीत अजून बोटभर खोल पन्हळी आहेत;
पोत्यांच्या भाराने पाझरलेला रस
त्या कोपऱ्यातल्या रांजणाकडे न्यायच्या.
त्याच पन्हळींवर चटया टाकून
पहिल्या वर्षी अकरा जण बसले,
मास्तर व्हायला.
मोत्यांचा धंदा नुकताच बुडाला होता.
चौघे त्यांतले पाणबुडे,
श्वास कोंडून ठेवायची सवय इतकी
की प्रश्न विचारला, की उत्तराआधी
वर्ग बराच वेळ पाण्याखाली.
मुंग्या येत राहिल्या, म्हणे,
रसाच्या आठवणीने, हजेरीपटावरून चालत.

हे सांगते अबला बद्रिया. चौघांतला एक तिचा बाप.
इथे शिक्षिकेला अबला म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी शिडीवरच हसले,
मग तिला आमचा अर्थ सांगावा लागला.
ब्याऐंशी वर्षांची बाई कमरेवर हात ठेवून
तोडक्या हिंदीत म्हणाली,
तुझ्या भाषेला एक दिवस माझ्या वर्गात बसव.

दुसरी इमारत प्रवाळी दगडाची,
ओहोटीला समुद्रातून उपसलेल्या.
भिंत खरवडली की नखात मीठ.
चार वर्ग, चारही लांबुळके, चारही अरुंद.
तीनदा मोजलं: दोन ऐंशी, दोन ऐंशी, दोन ब्याऐंशी.
वासे कांदळाचे, आफ्रिकेच्या खाड्यांतून गलबताने यायचे,
त्याहून लांब मिळत नसत.
म्हणजे वर्ग केवढा असावा
हे कुठल्याशा चिखलातल्या झाडाने ठरवलं,
आणि पोरं त्यात मावली.

(तिसरी इमारत सिमेंटची, तेलानंतरची.
तिच्याबद्दल अबला बोलत नाही.)

फळा केला देवगडच्या धाकू मेस्त्रीने.
तो आला होता होड्या दुरुस्त करायला,
आणि दुरुस्त करायला होड्याच उरल्या नव्हत्या.
किनाऱ्यावर सडणाऱ्या एकीच्या कुशीतून
त्याने सागाच्या फळ्या काढल्या, रंधा मारला,
काजळी आणि माशाचं तेल चोळलं.
खिळ्यांची भोकं तेवढी राहिली.
त्यांत खडूची पूड बसायची,
आणि काळ्यावर पांढरं टिंब उमटायचं, नको तिथे.

हुब्ब लिहावं, म्हणजे प्रेम,
आणि ह च्या पोटात टिंब पडून
त्याचं व्हावं जुब्ब. म्हणजे आड.
मला हे समजवावं लागलं नाही.
आमच्याकडेही खत लिहायला बसावं
आणि एका टिंबाने खंत व्हावी.

बगदादहून आलेले उस्ताद ज़ुहैर वैतागले.
धाकूने बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, सोळा.
सतरावं भोक बुजवायला गेला
तर उस्तादांनीच हात धरला.
परीक्षेच्या पाठाला प्रत्येकाने त्याच फळ्यावर लिहायचं.
लिहून झाल्यावर जो मागे वळून
स्वतःचंच अक्षर बघणार नाही,
तो नापास.

उस्ताद गेले, भोक राहिलं.
मी नापास झाले तिथेच, अबला सांगते.
माझी पाठ फळ्याकडे, तोंडभर प्रेमाचं व्याख्यान,
आणि समोर तीस मुली एका सुरात:
आड, आड, आड.

फळा सापडला सामानाच्या खोलीत, फडताळ होऊन,
अंगावर रंगाचे डबे.
मी डबे उतरवले. खुंट्या मोजल्या.
भोकाचा व्यास सहा मिलिमीटर.
फॉर्मवर रकाना आहे, दोष. त्याच्या शेजारी, उपाय.
कच्च्या वहीत आधी मराठीत लिहून घेते:
हे भोक आहे तसं ठेवावं, बंद करू नये.

अबला चष्मा वर करून वाकते,
ओळीवरून बोट फिरवते, उलट्या दिशेने,
आणि विचारते,
ह्यातलं कुठलं टिंब पुसलं
तर तू नापास होशील?