अडीच नंबर

फेरीबोट दिवाडीच्या धक्क्याला लागली तेव्हा
बॅगेत दोन किलो मक्याचं पीठ होतं,
बाटलीभर लाल तिखट,
आणि एक रिकामी पेटी.
जाताना तिच्यात एकशे चाळीस चष्मे होते.

गावभर फिरून गोळा केले होते मी :
मेलेल्यांचे, मोतीबिंदू काढलेल्यांचे,
लिस्बनला गेलेल्या पोरांनी खणात टाकून दिलेले.
आणि पापाचा. अडीच नंबर.
एका काडीला तांब्याची तार गुंडाळलेला.

फादर फिर्मिनांनी अल्तारावरून 'मिशन' म्हटलं
तेव्हा आम्हा पाचही जणांच्या माना ताठ झाल्या.
सांगायला लाज वाटते,
पण मला खरंच वाटलं होतं
समुद्रापलीकडे देव
आमच्या पेटीची वाट बघत बसलाय.

उतरले, तर काजू. माड. तांबडी माती.
चर्चला तोच चुना, पावसाच्या बाजूला तीच शेवाळ.
"विमान फिरून परत बोरीला आलं की काय?"
कॉन्सेसांव म्हणाला, आणि आम्ही हसलो.
मग मला तो शब्द आठवला, खाप्री,
ज्याची भीती घालून आमच्या घरांत
पोरांना जेवायला लावतात.
तसल्याच गलबतांतून मिरची आली आमच्याकडे
आणि बांधून आणलेली इथली माणसंही.
दोत्रीनीच्या वर्गात
यातलं काही नव्हतं.

दोना सेलिना न्यांतुंबोच्या डोळ्यांना
पापाचा नंबर बरोबर बसला.
मी तिच्यापुढे प्रार्थनेचं पुस्तक धरलं.
तिनं ते बाजूला ठेवलं नीट, मान देऊन,
आणि तांदळाचं सूप ओढलं.
एक खडा सापडला. दुसरा.
तिसरा तिनं माझ्या तळहातावर ठेवला
आणि इतकी हसली की
तार गुंडाळलेली काडी कानावरून सुटली.

कसाव्याचा पाला, शेंगदाण्याचं कूट, नारळाचा रस.
मी माझी बाटली उघडली, सीलबंद पाण्याची.
तिनं पाहिलं. काही बोलली नाही.
पहिला घास मात्र तिनं जमिनीवर ठेवला
आणि सात नावं घेतली, हाक मारल्यासारखी.
आमच्या सेमिनरीवाल्या आल्बाननं कोपर मारलं :
"हे चालत नाही."

चालत नाही?
माझ्या लग्नाआधी, बेस्तवारी,
आमच्या अंगणात भिकाऱ्यांचं जेवण झालं,
सुक्या सुंगटांची कढी, उकडा भात.
आई एकेकाला वाढताना ओठांतल्या ओठांत म्हणत होती,
"जेव, झुझे. जेव, आवेलिन."
भिकाऱ्यांत कुणी झुझे नव्हता.
झुझे माझा मामा, विहिरीत गेलेला.
तेव्हाचे पाद्री तेवढ्यापुरते
गेटाबाहेर सिगारेट ओढायला गेले होते.

मी बाटलीचं झाकण लावलं
आणि तिच्या मडक्यातलं पाणी प्याले.
दोन दिवस पोट बिघडलं. हेही सांगायलाच हवं.

रविवारी मिसानंतर पाच मिनिटं मिळाली बोलायला.
"किती चष्मे वाटले?"
एकशे चाळीस, म्हटलं. टाळ्या झाल्या.
खडा माझ्या पर्समध्ये होता.

घरी मक्याचं पीठ शिजवायला घेतलं, गाठी झाल्या.
कायतान म्हणाला, "बांगड्याच्या हुमणात
काहीही उतरतं." खरंच उतरलं.
पहिला घास हातात घेऊन मी थांबले.
खाली इटालियन टाइल्स,
पापा गेल्यावर त्यांच्याच पैशांनी घातलेल्या.

मागच्या दारी गेले, बिमलीच्या बुंध्याशी.
आमोरीची घंटा होत होती.
पापाचं नाव घेतलं, झुझेचं घेतलं.
मग तिच्या सातांतलं एक,
एवढंच लक्षात राहिलंय :
फाबियांव.
कोण होता, मुलगा की नवरा, विचारलं नाही.

घासाला मुंग्या लागेपर्यंत
तिथेच उभी राहिले.