फावडं सोपवताना

हे घे, दिलोवर. दांडा जरा सैल आहे,
रात्रभर पाण्यात ठेवलास की धरतो.
भाषण मला येत नाही,
आणि ऊन त्या काळ्या खडकावर आलं की
गुलनिसोची पाळी सुरू होते.

मी मीराब झाले त्या वर्षी
गावात पुरुष उरले होते तीन :
एक खलिफा, एक आंधळा, आणि तू, पाळण्यातला.
बाकीचे मॉस्कोत, कुणाच्या तरी भिंती रचत.
पाणी मात्र इथेच होतं. ते कुठे जाणार?
हिमनदीपासून कड्याच्या कमरेला धरून
ते चालत येतं, आणि बत्तीस घरं त्याची वाट बघतात.
लोक म्हणाले, सफरमो, तू शाळेत गणित शिकवतेस,
पाणी तूच वाट.
त्यांना वाटलं, वाटणं म्हणजे मोजणं.
मलाही तसंच वाटलं होतं.

मोजायला एक दगड पुरतो.
सावली इथून इथवर आली, की दारं मोडायचं.
पण मुबोरक तापाने पडली तेव्हा
सावली सरकत राहिली,
आणि तिच्या गव्हाकडे कुणी फिरकलं नाही.
मी तिचं बारं धरलं.
दुसऱ्या दिवशी शेजारीण म्हणाली,
माझ्या आजारपणात नव्हतीस आलीस.
खरं होतं. मला कळलंच नव्हतं.
तेव्हापासून पहाटे पाट बघत नाही आधी,
धुराडी बघते.

आता एक गोष्ट, जी तुला गावात कुणी सांगणार नाही.
सातव्या वर्षी पाणी आटलं.
मीराबचं शेत शेवटी भिजतं, हे मीच सगळ्यांना ऐकवायचे,
आणि शेवटचं पाणी वाटेतली मातीच पिऊन टाकायची.
माझ्या बटाट्यांनी माना टाकल्या.
एका रात्री, कंदील न नेता,
मी माझं दारं चार बोटं उघडलं.
चारच बोटं.
सकाळी बैठकीत आंधळा नझरमामद म्हणाला,
"काल रात्री पाणी डावीकडून बोलत होतं."
एवढंच. नाव नाही, आवाज चढलेला नाही.
चहा गार झाला.
डावीकडे एकच शेत आहे.

मी फावडं मधोमध ठेवलं,
त्यांच्या चांगल्या गालिच्यावर, चिखलासकट.
कुणीच उचललं नाही.
शेवटी गुलनिसोच्या सासूने ओढणीने चिखल पुसला, म्हणाली,
दोन पाळ्या दंड.
आणि वर कड्यापाशी पाट फुटलाय, तो बघ आधी.

बटाटे गेले. हिवाळा काढला
लोकांनी दिलेल्या तुतीच्या पिठावर.
याला माफी म्हणायची का,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
काही घरांनी पीठ दिलं नाही. तीही चुकली नव्हती.

तुझ्या उंबऱ्यावर कुणी जर्दाळूची टोपली ठेवेल.
परत नेऊन दे. ती बाई रागावेल, रागावू दे.
बर्फ पडलं, पाणी गोठलं, मागण्यासारखं काही उरलं नाही
की तिच्याकडे चहाला जा.
भांडणात दोघं शपथ घेतील.
तू खाली बस आणि मातीत बोट घाल,
ओल किती खोल गेली ते मातीला माहीत असतं.
तुझ्या काकाची पाळी असेल तेव्हा
सावली दुसऱ्या कुणाला मोजू दे.
आणि कड्यावर दोर बांधून उतरायची वेळ आली
तर पोरांकडे बघू नकोस. गाठ मात्र
नीट मार; मेलेला मीराब काही कामाचा नाही.

बघ, ऊन खडकावर आलं.
जा. मागे वळून मला विचारू नकोस,
आज नाही, उद्याही नाही.
माझी पाळी आता मंगळवारी, शेवटून दुसरी.
मी वेळेवर असेन.
उशीर झालाच, तर पाणी पुढे ने.