सदुसष्ट खेमी

शनिवारी दप्तर नसतं.
तेवीस पोरं मोकळ्या पाठीनं येतात
आणि पहिला अर्धा तास
पाठीचं करायचं काय, हे कुणालाच कळत नाही.
मागच्या शनिवारी पानं गोळा केली.
त्याच्या आधी मातीचे बैल,
त्यातला एक अजून खिडकीत उभा आहे, बिनशिंगाचा.
ह्या वेळी पुस्तिकेत होतं :
मोजपट्टी न वापरता अंतर मोजा.

वर्गाच्या दारापासून बोअरिंगच्या ओट्यापर्यंत
चौथीतला दुर्योधन चालला : एक्केचाळीस.
सुगत अठ्ठेचाळीस, पण तो मध्येच
कुत्र्याला हाकलायला वळला होता.
पहिलीतली खेमेश्वरी
जीभ दाताखाली धरून, फ्रॉक मुठीत धरून
सदुसष्ट.
कुणाचं खरं, यावरून जे भांडण पेटलं
त्याला मी उपक्रम म्हटलं
आणि खडू शोधत बसले.

बोलला डाकराम.
आठवडाभर साताच्या पाढ्यात रुतलेला डाकराम
दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला,
"खेमीचा पाय धरा जी.
मोठ्याले लहान पाऊल टाकता येते,
लहान्याले मोठं नाही टाकता येत."

दुर्योधनच्या घरून बांबूची कमची आली.
खेमीला भिंतीपाशी उभं केलं,
एक पाऊल टाक म्हटलं, हलू नको म्हटलं.
दोघांनी तिचे खांदे धरले.
इंजेक्शन घेताना असतं तसं तोंड करून
ती उभी राहिली,
आणि टाचेपासून टाचेपर्यंत कमची कापली गेली.

मग काही राहिलं नाही मोजायचं.
किराणा दुकान एकशे चाळीस खेमी.
समाजमंदिर तीनशे बारा.
बोडीच्या पाळीवर आकडा चुकला, भांडण, पुन्हा पहिल्यापासून.
तिच्या घराकडे निघाले तर तीच म्हणाली,
"थे मले पाठ आहे."

संध्याकाळी फोटो पाठवले.
केंद्रप्रमुखांचा फोन आला :
"मॅडम, खेमी हे एकक कोणत्या इयत्तेला आहे?"
रजिस्टरात 'फलनिष्पत्ती'चा रकाना दोन बोटं रुंद.
मी लिहिलं, अप्रमाणित एककांची ओळख झाली.
सही केली. तारीख घातली.

धान कापून झालं
आणि खेमीचं घर भट्टीवर गेलं, कामठीकडे.
हजेरीत तिच्या नावापुढे मी 'गै' लिहीत राहिले,
नोव्हेंबर, डिसेंबर, पूर्ण जानेवारी.
कमची दारावरच्या फळीवर होती.
पोरं मात्र तिचं नाव दिवसातून दहादा काढायची :
चेंडू किती खेमी गेला,
साप कुठून कुठं गेला, किती खेमी होता.
नव्यानं आलेल्या एका पोराला तर वाटायचं
खेमी म्हणून सरकारी काही असतं.

जूनच्या शेवटी शाळा उघडली.
ती आली. केस कापलेले, कोपरावर भाजल्याचा डाग,
हसताना पुढचे दोन दात नवे.
पहिल्या शनिवारी कुणी सांगायच्या आत
ती दारातून चालायला लागली.
सगळे मोठ्यानं मोजत होते.
एकसष्टला बोअरिंग आलं.

कुणीच काही बोललं नाही.
मग मोहिनी हळूच : "आंगण आटलं काय जी?"

डाकरामनं फळीवरून कमची काढली,
धूळ चड्डीला पुसली,
तिच्या पावलाला लावून पाहिली.
दोन बोटं कमी.
खेमीनं कमची हातात घेतली,
उलटी केली, सुलटी केली.
"मी एवढुशी होती?"

उत्तराची वाट न पाहता
ती उकिडवी बसली,
आणि दारापासून कमची टाकत, सरकत, पुन्हा टाकत
बोअरिंगकडे निघाली.
पोरं मोजेनात. तिची तीच मोजत होती,
ओठांतल्या ओठांत.

ओट्याला कमची टेकली तेव्हा
तिनं मागं वळून पाहिलं, एवढं सगळं अंगण,
आणि ओरडून आकडा सांगितला.